शर्टावरचा आठ

वीजकामाच्या सुरक्षेचे वर्ग घेताना मी सुरुवातीलाच एक शर्ट टेबलावर टाकतो. दिसायला साधा, निळा, जरा जाड कापडाचा. कॉलरच्या आतल्या लेबलवर लिहिलेलं असतं: एटीपीव्ही ८ कॅलरी प्रति चौरस सेंटिमीटर. याचा अर्थ काय, असं विचारलं की उत्तर जवळपास ठरलेलं असतं. 'आठ कॅलरीपर्यंत आपल्याला काही होत नाही.' मग मी सांगतो, की नेमकी आठ कॅलरी ऊर्जा या कापडावर आदळली, तर आतली कातडी भाजण्याची शक्यता पन्नास टक्के आहे. छापा की काटा. वर्गात चुळबूळ होते. एकदा मागच्या रांगेतून एका जुन्या वायरमननं विचारलं, "मग सर, याला सेफ्टीचा शर्ट म्हणायचं तरी कशाला?"

तेव्हा मी दिलेलं उत्तर अर्धवट होतं. पूर्ण द्यायचं तर शर्टापासून निघून विजेच्या पॅनेलपाशी जावं लागतं, आणि तिथून परमिटवर, म्हणजे कामाच्या लेखी परवान्यावर, सही करणाऱ्याच्या टेबलापाशी. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. हा आकडा खोटा नाही. पण कापड कुठे हरतं हे सांगण्यासाठी तो काढलेला आहे, आणि आपण तो कापड कुठवर जिंकतं असा वाचतो. या उलट्या वाचनातून एक वाईट सवय रुजली आहे. जो सप्लाय बंद करता आला असता, तो 'अंगावर सेफ्टीचा सूट आहे ना' म्हणून चालूच ठेवायचा.

आधी धोका कसला ते पाहू. विजेचा धोका म्हणजे शॉक, असंच बरीच वर्षं मानलं जात होतं. १९८२ साली राल्फ ली या अमेरिकी अभियंत्यानं विजेच्या दुसऱ्या धोक्यावर एक शोधनिबंध लिहिला आणि आर्कमुळे, म्हणजे हवेतून पेटणाऱ्या विजेच्या लोळामुळे, किती अंतरावरचा माणूस भाजू शकतो याचं गणित मांडलं. तारेला हातही न लावता माणूस जळू शकतो, ही गोष्ट कामगारांना माहीत होतीच. कागदावर ती तेव्हा आली. पॅनेलमध्ये पाना निसटला, उंदीर शिरला, धूळ आणि ओल साचून इन्सुलेशन गेलं, की दोन बसबारमधली, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या धातूच्या पट्ट्यांमधली, हवाच वीजवाहक होते. आर्कच्या गाभ्याचं तापमान २०,००० अंश सेल्सिअसच्या घरात जाऊ शकतं. सूर्याचा पृष्ठभाग साधारण साडेपाच हजार अंशांचा आहे. एवढ्या उष्णतेत तांब्याची वाफ होते, आणि वाफ झालेलं तांबं मूळ आकारमानाच्या सुमारे ६७,००० पट फुगतं. म्हणून आर्कसोबत स्फोट येतो, वितळलेल्या धातूचे शिंतोडे येतात, कान फोडणारा आवाज येतो. लेबलवरचा आठ यातल्या फक्त उष्णतेबद्दल बोलतो. दाबाबद्दल, उडणाऱ्या पत्र्याबद्दल, कानांबद्दल तो एक अक्षरही बोलत नाही.

आता कॅलरी. ही आहारतक्त्यातली कॅलरी नव्हे, ती हिच्या हजारपट मोठी असते. एक ग्रॅम पाण्याचं तापमान एक अंशानं वाढवायला जेवढी उष्णता लागते, तेवढी ही कॅलरी. आणि कातडीला फोड आणायला, म्हणजे डॉक्टर ज्याला सेकंड डिग्री बर्न म्हणतात तिथे पोचायला, चौरस सेंटिमीटरला १.२ कॅलरी पुरते असं धरलेलं आहे. ऐकायला किती किरकोळ! सव्वा कॅलरीसुद्धा नाही. पण कातडीचा वरचा थर असतो सुमारे एक दशांश मिलिमीटर जाड. चौरस सेंटिमीटरभर कातडीच्या या थराचं वजन ग्रॅमचा शंभरावा भाग. १.२ कॅलरी त्या थरातच अडकून पडली, तर साधा भागाकारही शंभर अंशांच्या वर जातो. प्रत्यक्षात उष्णता आत आत झिरपते, म्हणून वेग महत्त्वाचा ठरतो. तेवढीच उष्णता सावकाश आली तर रक्तप्रवाह ती वाहून नेतो, क्षणात आली तर कातडीला वेळच मिळत नाही.

ही सीमारेषा आली कुठून? अमेरिकेच्या नौदलासाठी संशोधन करणाऱ्या ॲलिस स्टोल यांनी किती उष्णता किती वेळ दिली की कातडी भाजते याचे प्रयोग केले. त्यासाठी स्वयंसेवकांनी आपल्या हाताची कातडी पुढे केली होती. स्टोल आणि मारिया चियांटा यांनी १९६९ साली त्यावर आधारित मूल्यमापनाची पद्धत मांडली. आजही जगभरातल्या प्रयोगशाळांमध्ये आर्कच्या कपड्यांचा निकाल लागतो तो याच 'स्टोल वक्रा'वर. मला याचं नेहमी अप्रूप वाटतं. कुणीतरी भाजून घेतलं, म्हणून आपल्याला मोजपट्टी मिळाली.

प्रयोगशाळेत काय करतात ते एकदा समजून घेतलं, की लेबलकडे बघण्याची नजर बदलते. उभ्या दोन इलेक्ट्रोडमध्ये ३० सेंटिमीटरचं अंतर ठेवून ८,००० अँपिअरचा आर्क पेटवतात. त्याच्या भोवती, तेवढ्याच अंतरावर, तीन फळ्या. फळीवर कापडाचा तुकडा ताणून बसवलेला, आणि कापडाच्या मागे तांब्याच्या चकत्यांचे सेन्सर. बाजूला उघडे सेन्सर, ते समोरून किती उष्णता आली हे मोजतात. आर्क किती वेळ चालवायचा हे बदलत बदलत किमान वीस तुकडे जाळतात. मुद्दाम काही तुकड्यांवर कमी, काहींवर जास्त. कुठल्या तुकड्यामागची उष्णता स्टोल वक्र ओलांडून गेली आणि कुठल्या मागची नाही, याची नोंद होते. मग संख्याशास्त्राच्या रीतीनं त्या ठिपक्यांमधून एक वळणदार रेघ काढतात, आणि जिथे ती बरोबर अर्ध्यावर येते, म्हणजे 'भाजेल' आणि 'भाजणार नाही' यांची शक्यता सारखी होते, तो आकडा म्हणजे एटीपीव्ही. तोच लेबलवर छापतात.

दोन गोष्टी इथे लक्षात घ्या. तुमच्या अंगावरचा शर्ट कधीच तपासलेला नसतो. तपासलेला शर्ट जळून गेलेला असतो. तुम्ही घालता ते त्याचं भावंड. आणि दुसरं, काही कापडं उष्णता छान अडवतात पण ताकदीला कमी पडतात. आतून कातडी भाजायच्या आधीच ती फाटतात. कापडाला ठरावीक आकाराचं भोक किंवा अडीच सेंटिमीटरची चीर पडण्याची शक्यता जिथे पन्नास टक्के होते, त्या आकड्याला ईबीटी म्हणतात. लेबलवर एटीपीव्हीऐवजी ईबीटी दिसला म्हणजे माल हलका, असा एक गैरसमज बाजारात आहे. तसं काही नाही. त्या कापडाची हार कुठल्या बाजूनं होते, एवढंच त्यातून कळतं.

मागच्या रांगेतल्या वायरमनचा प्रश्न इथे पुन्हा येतो. पन्नास टक्क्यांवर हरणाऱ्या वस्तूवर तोच आकडा अभिमानानं छापायचा, हे कुठलं शहाणपण? दोरखंडावर लिहिलेलं वजन म्हणजे निम्मे दोर ज्याला तुटतात ते वजन, असं कुणी सांगितलं तर आपण तो दोर घेऊ का? दोराच्या बाबतीत तुटण्याच्या भाराला आधी पाच-दहानं भागतात आणि मग जो उरतो तो भार लिहितात. इथे भागाकारच नाही.

या पद्धतीच्या बाजूनं बोलणाऱ्यांकडे उत्तरं आहेत, आणि ती पोकळ नाहीत. पहिलं असं की इथे 'हरणं' म्हणजे फोड येण्याची सुरुवात. मरण नव्हे, कायमचं अपंगत्व नव्हे. साधे कपडे पेटले तर माणूस जिथे आर्क लागला तिथेच जळत नाही, तर पेटलेला कपडा विझेपर्यंत सगळीकडे जळतो. भाजलेल्या माणसाचं जगणं-मरणं अंगाचा किती भाग भाजला यावर फार अवलंबून असतं. तेव्हा आठ कॅलरीचा शर्ट आठ कॅलरीला छातीवर रुपयाएवढे दोन फोड येऊ देईल, पण पेटणार नाही. हा फरक जीवन-मरणाचा आहे. दुसरं, प्रयोगशाळेत कापड सेन्सरला चिकटलेलं असतं, माणसाच्या अंगावर ते थोडं सैल असतं, आणि मधली हवा फुकटचं संरक्षण देते. तिसरं, पॅनेलच्या ऊर्जेचं गणित करताना अभियंते हात राखून आकडा धरतात.

पहिली दोन उत्तरं मला मान्य आहेत. त्या वायरमनलाही मी तेच सांगितलं होतं. हा शर्ट तुम्हाला न भाजता परत आणेल याची खात्री नाही, पण परत आणण्याची शक्यता खूपच वाढवतो. तरीही लेबलचं भांडण मिटत नाही. शर्ट घालणाऱ्याला यातलं काही कळवायचं की नाही? आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६१४८२-१-१ च्या २०१९ च्या आवृत्तीत 'एलिम' नावाचा आणखी एक आकडा आला. ज्या ऊर्जेखाली एकही तुकडा स्टोल वक्राच्या पार गेला नाही आणि एकही फाटला नाही, ती सीमा. साहजिकच हा आकडा एटीपीव्हीपेक्षा लहान असतो. विक्रेत्याला तो आवडत नाही, कारण शेजारच्या दुकानातल्या शर्टावर मोठा आकडा दिसतो. मला विचाराल तर लेबलवर ठळक छापायचा तो एलिमच. एटीपीव्ही त्याच्याखाली बारीक अक्षरात चालेल. एलिमही ब्रह्मवाक्य नाही, तो मोजक्याच तुकड्यांवरून काढतात. पण 'इथवर काही झालं नाही' हे वाक्य कामगार ज्या अर्थानं लेबल वाचतो त्याच्या जवळचं आहे. लोक ज्या अर्थानं वाचतात त्या अर्थाचा आकडा छापा, किंवा मग छापलेल्या आकड्याचा अर्थ शेजारी एका ओळीत, कामगाराला वाचता येईल अशा भाषेत लिहा. यात महागडं असं काहीच नाही.

गोंधळात आणखी भर म्हणजे चाचणीची दुसरी पद्धत. युरोपात जास्त चालते ती. तिच्यात आर्क एका प्लास्टरच्या खोक्यात पेटवतात. खोक्याची एकच बाजू उघडी, त्यामुळे सगळी धग पुढच्या कापडावर येते. अर्धा सेकंद आर्क, ३० सेंटिमीटरवर कापड, आणि निकाल फक्त पास किंवा नापास. ४,००० अँपिअरला पास झालं तर वर्ग १, ७,००० ला झालं तर वर्ग २. खऱ्या पॅनेलशी ही मांडणी जास्त मिळतीजुळती आहे असं मला वाटतं. पण वाचणारे काय करतात? 'वर्ग २ म्हणजे सात हजार अँपिअरपर्यंत चालतो,' असं एका खरेदी अधिकाऱ्यानं मला शांतपणे सांगितलं होतं. ते सात हजार अँपिअर चाचणीतल्या आर्कचे होते, त्याच्या पॅनेलचा फॉल्ट करंट, म्हणजे बिघाड झाला की वाहणारा करंट, त्यांच्याशी जुळवण्यात काही अर्थ नव्हता. मग त्यानं वर्ग २ म्हणजे किती कॅलरी याचा तक्ता मागितला. असा तक्ता नसतो. मांडणी वेगळी, इलेक्ट्रोड वेगळे, निकाल लावायची रीत वेगळी. एका पद्धतीचा आकडा दुसऱ्या पद्धतीत बदलून मिळत नाही.

आणि 'एफआर' लिहिलेलं सगळंच आर्कसाठी असतं हा तिसरा घोळ. एफआर म्हणजे ज्योत बाजूला केली की कापड स्वतःहून विझतं. अमेरिकी मानक एफ १५०६ मध्ये ज्योत काढल्यावर दोन सेकंदांच्या आत विझलं पाहिजे अशी अट आहे. वेल्डरचा एप्रनही या अर्थानं एफआर असू शकतो. पण आर्कपुढे तो किती कॅलरी अडवेल हे त्याला कुणी विचारलेलंच नसतं. आर्कचं रेटिंग असलेलं प्रत्येक कापड एफआर असतं, उलट मात्र खरं नाही. लेबलवर कॅलरीचा आकडा किंवा आर्कचा वर्ग नसेल, तर दुकानदार काहीही सांगो, तो कपडा या कामाचा नाही.

आता टेबलाच्या दुसऱ्या बाजूला येऊ. शर्टावरचा आकडा एकटा निरर्थक असतो. तो कशाशी तरी ताडून पाहायचा असतो, आणि ते 'कशाशी तरी' पॅनेलवर चिकटवलेलं असतं: या ठिकाणी, इतक्या अंतरावर, इतकी कॅलरी. माझ्या मते सगळ्यात कमी चर्चा होते ती याच आकड्याची. शर्टाचा आकडा निदान प्रत्यक्ष जाळून काढलेला असतो. पॅनेलचा आकडा गणितातून येतो. आयईईई १५८४ या मार्गदर्शिकेची सूत्रं त्यासाठी वापरतात. पहिली २००२ ची, सुधारलेली २०१८ ची. नव्या आवृत्तीमागे अठराशेहून अधिक चाचण्या आहेत, इलेक्ट्रोड उभे की आडवे, खोक्यात की उघड्यावर, असे पाच प्रकार तिच्यात वेगळे धरले आहेत. सूत्रं चांगली आहेत. माझं भांडण त्यांच्यात घातल्या जाणाऱ्या वेळेशी आहे.

आर्कची ऊर्जा वेळेच्या सरळ प्रमाणात वाढते. ब्रेकर किती वेळात तोडेल यावर सगळं उभं आहे. धरा, गणितात ब्रेकर ०.१ सेकंदात ट्रिप होईल असं मानलं आणि उत्तर ४ कॅलरी आलं. आठ कॅलरीचा शर्ट घातलेला माणूस निवांत. पण तो ब्रेकर दहा वर्षांत एकदाही चालवून पाहिलेला नाही, आतलं ग्रीस सुकून डिंकासारखं झालंय, आणि त्यानं अर्धा सेकंद घेतला. आता २० कॅलरी. ट्रिप झालाच नाही, मागचा ब्रेकर दोन सेकंदांनी तुटला, तर ८०. शर्टावर अजूनही आठच लिहिलेलं आहे. म्हणजे कपड्याच्या रेटिंगचा खरा भरवसा कपड्याच्या दुकानात मिळत नाही, तो ब्रेकरच्या ग्रीसमध्ये असतो. पण कपड्यांच्या खरेदीची फाइल एका विभागात, ब्रेकरच्या देखभालीची दुसऱ्या विभागात, आणि या दोन फाइली एकमेकींना कधी भेटत नाहीत.

याहून चमत्कारिक गोष्ट म्हणजे कमी करंटचा आर्क कधी कधी जास्त घातक असतो. करंट जास्त असला की ब्रेकर झटक्यात तुटतो. थोडा कमी असला की ब्रेकर त्याला ओव्हरलोड समजून वाट बघत बसतो, आणि तेवढा वेळ आर्क जळत राहतो. म्हणून 'मी जास्तीत जास्त फॉल्ट करंट धरलाय, म्हणजे सुरक्षित बाजूला आहे,' हे अभियंत्याचं वाक्य इथे उलटं पडू शकतं. बचाव करणाऱ्यांचं तिसरं उत्तर, हात राखून धरलेल्या आकड्याचं, मला पटत नाही ते यामुळे.

अंतराचंही तसंच. लो व्होल्टेज पॅनेलसाठी साधारण ४५५ मिलिमीटर अंतर धरतात. ते छाती आणि चेहऱ्याचं अंतर. हात त्याहून कितीतरी पुढे असतात. नंबरप्लेट वाचायला माणूस पुढे वाकला आणि अंतर निम्मं झालं, तर मोकळ्या जागेतल्या आर्कची ऊर्जा चौपट होते. आणि वेळेची कमाल मर्यादा बहुतेक गणितांत दोन सेकंद धरतात, कारण तेवढ्यात माणूस मागे पळेल असं मानतात. दोन पॅनेलच्या सांदीत उकिडवा बसलेला माणूस कुठे पळणार? आर्क पेटल्यावर डोळे दिपलेले, कानात दडे, समोर धूर. गणित करणाऱ्यानं कधी त्या सांदीत बसून पाहिलंय का, हा प्रश्न मी विचारतो तेव्हा तो खवचट वाटतो हे मला ठाऊक आहे.

या सगळ्यातून सुटका म्हणून श्रेणी आल्या. अमेरिकेतल्या एनएफपीए ७०ई या मानकात चार श्रेणी आहेत: किमान ४, ८, २५ आणि ४० कॅलरीच्या. गणित न करता तक्ता बघायचा, उपकरणाचा प्रकार शोधायचा, श्रेणीचे कपडे घालायचे. सोय मोठी आहे. पण त्या तक्त्याला अटी आहेत. फॉल्ट करंट इतक्यापर्यंत, ब्रेकरचा वेळ इतक्यापर्यंत, अंतर इतकं. अटी बसत नसतील तर तक्ता वापरताच येत नाही. मी पाहिलेल्या बहुतेक स्विच रूममध्ये भिंतीवर तक्ता लॅमिनेट करून लावलेला असतो. अटींचं पान लावलेलं नसतं.

श्रेणींनी आणखी एक केलं. त्यांनी धोक्याला शिडी दिली, आणि शिडी दिसली की माणूस चढतो. ४ ला शर्ट, २५ ला सूट, ४० ला जाड सूट आणि डोकं-चेहरा झाकणारं हूड. त्याहून जास्त? १०० कॅलरीचे सूटही मिळतात. याच मानकात एके काळी एक टीप होती, की ४० कॅलरीच्या पुढे सप्लाय बंद करण्यावर अधिक भर द्यावा. नंतरच्या आवृत्तीत ती काढली. काढण्यामागचा तर्क बरोबर होता. चाळीस या आकड्यात निसर्गाची कुठली सीमा नाही, स्फोटाचा दाब करंटवर अवलंबून असतो आणि कॅलरी वेळेवरही, त्यामुळे चाळीसच्या खालीही स्फोट जीवघेणा असू शकतो. शिवाय सप्लाय बंद करण्यावर भर एक कॅलरीलाही द्यायलाच हवा. तत्त्व म्हणून उत्तम. पण ज्यांना टिपेचा मागचा अर्थ माहीत नव्हता, त्यांना एवढंच दिसलं की एक कुंपण गेलं.

सप्लाय बंद करा, हे म्हणणं सोपं आहे आणि त्यालाही मर्यादा आहे, हे मान्य केलं पाहिजे. सप्लाय बंद झालाय की नाही हे टेस्टरनं तपासावं लागतं, आणि तपासून खात्री होईपर्यंत लाइन चालूच धरायची असते. म्हणजे शटडाउन घेणाऱ्यालाही कपडे लागतातच. ब्रेकर रॅक आउट करताना, म्हणजे पॅनेलमधून बाहेर ओढताना, आर्क होण्याची भीती मोठी, तिथेही लागतात. हे कपडे अनावश्यक आहेत असं कुणी म्हणत असेल, तर त्यानं आधी बर्न वॉर्डात एक दुपार काढावी. माझा आक्षेप कपडे घालण्याला नाहीच. कपडे आहेत म्हणून बाकीचं टाळलं जातं, त्याला आहे. आर्कचा उजेड ओळखून काही मिलिसेकंदांत ब्रेकरला तोडायला सांगणारे रिले असतात. काम चालू असताना ब्रेकरचा विलंब काढून टाकणारा मेंटेनन्स स्विच असतो. करंट मर्यादित करणारे फ्यूज असतात. लांब उभं राहून ब्रेकर रॅक करायची यंत्रं असतात. यातली प्रत्येक गोष्ट पॅनेलवरचा आकडा खाली आणते किंवा माणसाला मागे नेते, आणि तीही घालणाऱ्याला घाम न आणता.

घामावरून आठवलं. रेटिंग असतं ते बंद कपड्याला. वरची दोन बटणं उघडी, बाह्या दुमडलेल्या, हूड कपाळावर सरकवलेलं, अशा अवस्थेतल्या माणसाचं रेटिंग कुणी काढलेलं नाही. जाड सूटमध्ये पंधरा मिनिटांत माणूस भिजतो, हूडच्या काचेतून तारांचे रंग नीट ओळखू येत नाहीत, हातमोज्यांनी बारीक स्क्रू सुटत नाही. मग तो हूड वर करतो. पुढचा अपघात अहवाल लिहितो, 'कामगाराचा निष्काळजीपणा'. बायकांना तर अनेकदा पुरुषांच्या मापाचेच सूट मिळतात. लोंबणारी बाही बसबारजवळ न्यायची की दुमडायची, हे त्यांनीच ठरवायचं.

आतल्या कपड्यांचं थोडक्यात. पॉलिएस्टरचा बनियन किंवा नायलॉन आत असेल, तर वरचं कापड न पेटताही आतलं वितळून कातडीला चिकटू शकतं. दोन थरांचे आकडे सरळ बेरीज करून चालत नाहीत. कधी एकत्र रेटिंग बेरजेपेक्षा जास्त येतं, पण ते दोन्ही थर एकत्र तपासल्याशिवाय कुणी सांगू नये. धुताना ब्लीच नको, फॅब्रिक सॉफ्टनर नको, आणि तेलानं माखलेला सूट म्हणजे अंगावर घातलेली वात.

तर त्या टेबलाकडे, जिथे परमिटवर सही होते. चालू लाइनवर काम करायचं तर लेखी परवाना हवा आणि सप्लाय का बंद करता येत नाही याचं कारण त्यात हवं, अशी पद्धत बऱ्याच मानकांत आहे. मला ती कायद्यानं सगळीकडे सक्तीची हवी आहे, आणि तिच्यात तीन गोष्टींची भर हवी. पॅनेलवरच्या आकड्यात ब्रेकरचा किती वेळ धरला आहे. तो ब्रेकर शेवटचा कधी चालवून तपासला. आणि कारण लिहिणाऱ्याची सही, जो सूट घालणार नाही त्याची. उत्पादन थांबवायचं नाही हा निर्णय ज्याचा, पन्नास टक्क्यांच्या खाली नाव त्याचं. उत्पादन विभाग म्हणेल, एवढे कागद भरत बसलो तर काम कधी करायचं. त्यावर माझ्याकडे उत्तर म्हणून एक जुना परमिटच आहे. एका कारखान्यात अपघातानंतर कागद तपासायला बसलो होतो, तेव्हा हाताशी आलेला. सगळे रकाने व्यवस्थित भरलेले, अक्षर सुवाच्य. 'सप्लाय बंद का करता येत नाही?' या छापील प्रश्नापुढे निळ्या शाईत लिहिलं होतं: '४० कॅलरीचा सूट उपलब्ध.'